निहार तोंडाची न्याहारी

सकाळच्या खाण्यासाठी आपण मराठी मुसलमान दोन शब्द वापरतो. घरात उर्दू-दखनी चालत असेल तर नाश्ता, आणि शेताच्या वाटेवर वऱ्हाडी बोलताना न्याहारी. दोन्ही शब्द फारसीकडून आलेले, आणि दोन्हींचा मूळ अर्थ आपण विसरून गेलो आहोत. फारसीत ‘नाश्ता’ म्हणजे ज्याने सकाळपासून तोंडात काही घातलेले नाही तो. ‘नहार’चा अर्थही तोच, न खाल्लेला. हकीमसाहेब आजही पुडी देताना ‘निहार मूँह लेना’ असे बजावतात. मराठीत त्याला आपण अनशापोटी म्हणतो. इराणात आज दुपारच्या जेवणाला ‘नाहार’ म्हणतात आणि दिल्लीत रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे वाढायच्या गोश्ताला ‘निहारी’. अरबीत सकाळच्या खाण्याचा शब्द इफ्तारच्याच धातूतून निघतो. इंग्रजांचा ब्रेकफास्टसुद्धा उपास मोडणेच आहे.

इतक्या भाषांनी या खाण्याचे नाव ताटातल्या पदार्थावरून ठेवले नाही, रिकाम्या पोटावरून ठेवले. आधी भूक, मग घास. शब्द झिजत झिजत आपल्यापर्यंत आला तेव्हा त्यातली भूक गळून पडली आणि घास तेवढा उरला. आता नाश्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पराठा येतो, अंडी येतात, खिमा येतो. उपाशी माणूस येत नाही.

तो का येत नाही, हा आमचा प्रश्न आहे. कारण भूक ओळखण्याचा दावा जगात जर कोणी मोठ्या आवाजात करत असेल तर तो आपण मुसलमान. वर्षातला एक महिना आपण रोजे ठेवतो. रोजा कशासाठी, असे शाळेतल्या मुलाला विचारा. तो पाठ केल्यासारखे सांगतो, गरिबाची भूक कळावी म्हणून. खरेच कळते का? कळत असेल तर उरलेल्या अकरा महिन्यांच्या सकाळी तिचे काय होते?

आमचा जिल्हा यवतमाळ. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा सकाळी एकाच तऱ्हेने उठत नाही. यवतमाळ शहरात बसस्थानकाच्या आसपास सहा-साडेसहालाच पोह्यांची कढई चढते. पोह्यांवर लाल तर्री, वर कांदा आणि शेव. आलुबोंडा असेल तर त्यावरही रस्सा हवाच. वऱ्हाडी माणसाला कोरडे काही खाली उतरत नाही. तिकडे पांढरकवड्याहून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणून केळापूर-झरीच्या भागात इडली-डोशाच्या गाड्या मराठीइतक्याच तेलुगूत बोलतात. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर बंजारा बाई भाकरीला बाटी म्हणते आणि ती लसणाच्या तिखटाशी खाते. घाटंजी, मारेगाव, केळापूर भागातल्या कोलामांच्या पोडांवर ज्वारीच्या पिठाची आंबील असते. पातळ, आंबूस, उन्हात पोटाला थंड. उमरखेडच्या मुसलमान घरांची सोयरीक नांदेडकडे आणि पुढे हैदराबादेपर्यंत असते, तेव्हा तिथे शुक्रवारच्या सकाळी खिचडी-खिमा आणि चिंचेचा खट्टा निघाला तर नवल नाही. आणि जिल्हाभर, सगळ्या जातीधर्मांच्या घरांत, रात्रीची उरलेली भाकर. कुस्करून, फोडणी देऊन, नाहीतर तशीच जवसाच्या चटणीशी.

हे वर्णन वाचायला गोड लागते. मासिकांच्या खाद्यविशेषांकांत असलेच लिहितात, आणि कोकणातल्या मुसलमानांची तांदळाची भाकरी, कैरोतल्या गाडीवरचे रात्रभर शिजलेले बाकले असे एकेक सांगत ‘विविधतेत एकता’ म्हणून हात धुतात. आम्हाला त्या एकतेबद्दल शंका आहे. आमच्या जिल्ह्याची सकाळ हिंदू आणि मुसलमान अशी दुभंगलेली नाही, बंजारा आणि कोलाम अशीही नाही. ती दुभंगली आहे खाऊन कामाला लागणारे आणि कामाला लागून मग खाणारे अशी. पहिल्या जमातीत आम्ही आहोत, हे लिहिणारे, आणि बहुतेक वाचणारेही. दुसरी जमात कोरा चहा पिऊन निघते. कोरा म्हणजे दूध नसलेला. त्यात साखर मात्र भरपूर असते, कारण तासाभरापुरते बळ तीच देते.

शेतातला न्याहारीचा वेळ दहाच्या आगेमागे. तोवर तीन तास काम झालेले असते. असे का, ते शेतीच्या व्यवहारातच आहे. कापूस सकाळच्या गारव्यात वेचावा असे शेतीतले जाणकार सांगतात. त्या वेळी वाळलेला पाला दहिवराने मऊ असतो, तो कापसाला चिकटत नाही. ऊन चढले की पाला चुरतो, कापसात कचरा येतो, बाजारात भाव पडतो. फवारणीही सकाळीच बरी, वारा पडलेला असतो. म्हणजे पिकाच्या दृष्टीने जी वेळ सर्वांत चांगली, ती मजुराच्या दृष्टीने अनशापोटीची. पांढऱ्या सोन्याची प्रत राखायची तर कोणीतरी पहाटे स्वयंपाक उरकून, पोरांचे आवरून, स्वतः न खाता धुऱ्यावर पोचले पाहिजे. हे ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा बाई असते, आणि वेचाई किलोवर मिळत असल्यामुळे न्याहारीला बसलेला वेळ तिच्याच पैशातून जातो. म्हणून ती लवकर उठत नाही, आणि बसली तर लवकर संपवते.

२००३ ते २००५ या वर्षांत रमजान ऐन वेचणीच्या हंगामात आला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्या वर्षांत आम्ही ओळखीच्या शेतावर एक गोष्ट पाहिली आणि ती तेव्हापासून आमच्या डोक्यात राहिली आहे. वेचणाऱ्या बायांत दोघी-तिघी आपल्या मोहल्ल्यातल्या होत्या, रोजेदार. दहा वाजले, बाकीच्या बाया डबा घेऊन लिंबाखाली गेल्या, आणि त्यांतली एक रोजेदार बाईकडे पाठ करून बसली. विचारले तर म्हणाली, ‘‘भाभीचा उपास हाय नं बाप्पा, तिच्यापुढं कसं खाऊ?’’ रोजेदार भाभी हसली. ती पहाटे चारला सहरीला उठली होती. दोन पोळ्या, वाटीभर दही, चहा एवढे तिने खाल्ले होते. पाठ करून बसलेल्या बाईने आदल्या रात्रीपासून कोऱ्या चहाशिवाय काही घेतले नव्हते.

त्या घटकेला दोघींत जास्त उपाशी कोण होते? जिच्या उपाशीपणाचा आदर केला गेला ती नव्हे. आदर करणारी होती. एकीच्या भुकेला नाव होते, रोजा. त्याला वेळापत्रक होते, सवाब होता, घरी वाट पाहणारी इफ्तारी होती, आणि दुसऱ्या धर्माच्या बाईचे अदबही होते. दुसरीच्या भुकेला नावच नव्हते. ती रोजची होती, म्हणून ती कोणाला दिसली नाही. तिची तिलाही दिसली नाही.

निवडलेली भूक आणि लादलेली भूक यांत हे अंतर आहे. मस्जिदीत लावलेल्या तक्त्यावर सहरी किती मिनिटांनी संपते आणि इफ्तार किती मिनिटांनी, ते छापलेले असते. जी भूक कधी सुटणार हे मिनिटावर ठाऊक आहे, ती भूक सहन करता येते. माणसाला खाऊन टाकते ती केव्हा संपेल हे न कळणारी भूक. रोजा आपल्याला पोटाची आग दाखवतो यात शंका नाही. पण भुकेत जी धास्ती असते, संध्याकाळचे काय हा जो घोर असतो, तो रोजा दाखवत नाही, दाखवूही शकत नाही. आमचे एक म्हणणे आहे, कोणाला कडू लागले तरी चालेल. रोजा ठेवून गरिबाची भूक कळली असे म्हणणे हे दोन दिवस रुग्णालयात पाहुणा म्हणून राहून आजार कळला म्हणण्यासारखे आहे. ओळख होते. कळणे पुढे असते.

आणि शरीयतला हे पक्के ठाऊक आहे. तिने भुकेला कधी पूजले नाही. सहरी टाळू नये, तिच्यात बरकत आहे, असे हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सांगितले. सूर्य मावळला की इफ्तारीला उशीर करू नये हेही सांगितले. आजारी माणसाला, मुसाफिराला सूट दिली. आणि ज्याला रोजा पुढेही झेपणारच नाही, अशा म्हाताऱ्या-आजारी माणसाने काय करावे? त्याने नमाजा वाढवाव्यात असे कुरआन सांगत नाही, तसबीह ओढावी असेही नाही. त्याने एका मिस्कीनला जेवू घालावे. हा फिदया. यात विचार करण्यासारखे फार आहे. तराजूच्या एका पारड्यात माझी भूक ठेवली आणि ती ठेवता आली नाही, तर दुसऱ्या पारड्यात दुसऱ्याचा घास ठेवायचा. पारडी सारखी होतात. म्हणजे माझ्या उपाशी राहण्याची किंमत अल्लाहने दुसऱ्याच्या पोटाच्या मापाने ठरवली आहे. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणारा मोमिन नव्हे, या अर्थाची हदीस आपण जलशांत ऐकतो आणि मान डोलावतो. त्या हदीसमध्ये शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही.

आता कोणी म्हणेल, सकाळची न्याहारी दोन तास उशिरा झाली तर एवढे काय बिघडले? बिघडते. आमच्या जिल्ह्यात ते प्राणांशी आले आहे. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो रुग्णालयांत पडले. त्यानंतर चौकश्या झाल्या, कीटकनाशकांवर बोलले गेले, मास्क-हातमोज्यांवर बोलले गेले, त्या वर्षी डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशीवरही बोलले गेले. ते सगळे बरोबरच होते. पण फवारणीच्या सुरक्षेची जी सूचनापत्रके शेतकऱ्यांना वाटतात त्यांत एक ओळ नेहमी असते, उपाशीपोटी फवारणी करू नये. या ओळीवर कोणी थांबत नाही. ती वाचायला सोपी आहे आणि पाळायला पैसे लागत नाहीत असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यासाठी सगळी सकाळ बदलावी लागेल. वाऱ्याच्या आत फवारणी उरकायची म्हणून सहाला पाठीवर पंप चढवणाऱ्या गड्याने साडेपाचला जेवलेले असावे लागेल, त्यासाठी त्याच्या बायकोला साडेचारला चूल पेटवावी लागेल, आणि चुलीवर ठेवायला काही असावे लागेल. ही जबाबदारी कोणाची? पत्रक म्हणते, फवारणाऱ्याची. आम्ही म्हणतो, ज्याच्या शेतावर तो फवारतो त्याची. पंप मालकाचा, औषध मालकाचे, कपाशी मालकाची, मग पोट एकट्या मजुराचे कसे?

इथे जुन्या माणसांना सालदाराची आठवण होते. वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या गड्याला मालकाच्या घरून न्याहारी जायची, असे ते सांगतात, आणि रोख मजुरी आली तशी माया आटली म्हणून हळहळतात. या हळहळीवर आमचा विश्वास नाही. ती भाकर कोणाच्या ओंजळीत कशी पडायची हेही आठवले पाहिजे. दलित गड्याच्या हातात ती वरून टाकली जाई, आणि ती बहुधा शिळी असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे आपल्या लोकांना कळकळीने सांगितले, ते उगीच नव्हे. भाकरीने पोट भरते आणि मान खाली जाते, असा तो सौदा होता. रोख मजुरीने निदान मान वर आली. तेव्हा जुनी माया परत आणा असे आम्हाला म्हणायचे नाही.

मग काय म्हणायचे आहे? आपल्याच दीनमध्ये त्याला शब्द आहे. मालदारांच्या मालात मागणाऱ्याचा आणि न मागू शकणाऱ्याचा हक्क आहे, असे कुरआन सांगतो. शब्द हक्क आहे, खैरात नाही. हक्काची वस्तू देताना देणाऱ्याने मान ताठ करायची नसते आणि घेणाऱ्याने वाकवायची नसते. न्याहारीची सुटी मजुरीच्या वेळातच धरली, वेचाईच्या दरात तो अर्धा तास मोजला, फवारणीच्या दिवशी पंप उचलण्याआधी बसून खाण्याइतका वेळ ठरवून ठेवला, तर तो हक्क झाला. डबा मालकाच्या घरून आला की मजुराच्या, हा प्रश्न दुय्यम आहे. अमरावती जिल्ह्याचे गाडगेबाबा लिहायला-वाचायला शिकले नव्हते. पण भुकेल्याला अन्न ही गोष्ट त्यांनी आपल्या सांगण्यात सर्वांत आधी ठेवली. तीर्थ, मूर्ती, पोथी त्यानंतरही नाही. आपल्यातले काही दीनदार लोक गाडगेबाबांचे नाव काढले की ‘ते आपले नव्हेत’ म्हणतात. या बाबतीत तरी ते फार आपले आहेत.

शेतावरून घरात येऊ. दस्तरख्वानाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. एका ताटात चार हात, मालक आणि नोकर शेजारी, उष्टे-सोवळे नाही. या देशात ही गोष्ट लहान नव्हती. पण आपल्या घरातला सकाळचा दस्तरख्वान नीट पाहावा. पुरुष बसतात, मुलगे बसतात, पाहुणा असेल तर त्याच्यासाठी अंडी वेगळी निघतात. अम्मी तव्यापाशी असते. ‘‘तुम लोग खा लो, मैं बाद में खाती’’ हे वाक्य प्रत्येक घरात इतके ठरलेले आहे की ते आता कोणाला ऐकूही येत नाही. बाद में म्हणजे केव्हा? सगळे उठून गेल्यावर, ओट्याला टेकून, गार झालेल्या चहात शेवटच्या पोळीचा तुकडा. रमजानमध्ये सहरीला सर्वांत आधी तीच उठते आणि सर्वांना वाढून अजान व्हायच्या आत दोन घास कसेबसे गिळते. तिचा रोजा आपल्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाने मोठा असतो. त्याचा हिशेब तक्त्यावर नसतो.

तिच्यामागे आणखी एक बाई असते. ज्या घरांना परवडते तिथे सकाळी भांडी घासायला येणारी. ती आपल्या नाश्त्याच्या ताटल्या घासते, आणि स्वतःच्या घरून चहावर आलेली असते. नोकराला जे आपण खातो तेच खाऊ घालावे, अशी शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षे आहे. आपण तिला देतो, नाही असे नाही. काल रात्रीचे देतो. आम्हाला माहीत असलेली काही घरे आहेत जिथे तिच्या नावाची पोळी सकाळच्याच तव्यावर पडते आणि ती मुलांबरोबर चटईवर बसून खाते. फार थोडी आहेत, पण आहेत. तिथे कोणी प्रवचन देत नाही, फक्त कणीक एक मूठ जास्त भिजते.

दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याची एक वेगळीच खोड आपल्या सगळ्या समाजांना आहे. तिच्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. ‘‘त्यांच्याकडं सकाळी सकाळीच मटण लागते’’ असे आपल्याबद्दल बोलतात. आपणही कमी नाही. ‘‘वो लोगाँ क्या, चुडवा-फोहे खा के जीते’’ म्हणून हसतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ पासून शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असे सुरू झाले. त्यावरून वाद पेटला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. त्या वादात ज्यांनी भाग घेतला त्यांतले बहुतेक जण सकाळी खाऊन आलेले होते. भरल्या पोटाच्या माणसाला दुसऱ्याने काय खावे हा प्रश्न पडतो. रिकाम्या पोटाला तो पडत नाही. आम्हाला यात धर्माचा मोठा झगडा दिसत नाही, खाल्लेल्यांची फुरसत दिसते.

ताट मात्र सगळ्यांचेच बदलते आहे. कापूस आणि सोयाबीनने जिल्ह्यातली ज्वारी मागे रेटली. ज्वारी गेली तशी शिळी भाकरही गेली, आणि जवसाची चटणी दुकानात पाकिटात आली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, जानेवारी २०२३ पासून तो फुकट मिळतो, त्याने लाखो चुली पेटत्या राहिल्या आहेत. त्याला नावे ठेवणारा माणूस बहुधा रेशनच्या रांगेत उभा राहिलेला नसतो. पण सकाळी घाईच्या वेळी चूल पेटवण्यापेक्षा पाच रुपयांचा बिस्किटपुडा सोपा पडतो. आमच्या मोहल्ल्यांत आता लहान मुलांचा नाश्ता म्हणजे चहात बुडवलेले बिस्किट नाहीतर टोस्ट. पोट भरल्यासारखे वाटते, तासाभरात पुन्हा रिकामे. ही नवी निहार आहे. तोंड गोड आणि पोट नहार.

या मुलांची सकाळ आपल्याकडे इतरांपेक्षा लवकर सुरू होते. फजरनंतर मकतब. टोपी घालून, सिपारा छातीशी धरून मुले-मुली साडेसहाला मस्जिदीत येतात, आठला सुटतात, धावत घरी, दप्तर घेऊन धावत शाळेत. शाळेत खिचडी मिळते ती दुपारी. १९९५ मध्ये केंद्राने शाळेतल्या आहाराची योजना काढली आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे राज्यांना बंधनकारक झाले. ही फार मोठी गोष्ट झाली. पण साडेसहा ते दुपार हा काळ कोणाच्याच योजनेत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सकाळचा पौष्टिक नाश्ता द्यावा असे लिहिले आहे. तामिळनाडूने ते करून दाखवले. १५ सप्टेंबर २०२२ ला दीड हजारावर शाळांत सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत उपमा, खिचडी, पोंगल सकाळी मिळू लागले. तिथे मुलाला त्याची जात, धर्म, बापाचे उत्पन्न विचारत नाहीत. शाळेत आलास, बस, खा. हक्क दिसतो कसा, असे कोणी विचारले तर आम्ही तिकडे बोट दाखवू. महाराष्ट्राने हे करावे म्हणून आपण निवेदने दिली पाहिजेत, आणि ती उर्दू शाळांपुरती नव्हेत. कोलामांच्या पोडावरच्या शाळेसाठी आधी दिली पाहिजेत.

सरकार करील तेव्हा करील. मस्जिदीत काय करता येईल, हे आपल्या हातात आहे. रमजानमध्ये आपण काय करतो ते पाहा. फळे, भजी, खजूर, सरबत यांचे ढीग लागतात. पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्यांत तर ज्यांनी रोजा ठेवलेला नाही असेच लोक जास्त खातात, आणि छायाचित्रही त्यांचेच छापून येते. पण त्याच महिन्याच्या शेवटी आपल्याकडे एक गोष्ट होते तिच्याइतकी नेमकी व्यवस्था आम्हाला दुसरी ठाऊक नाही. सदका-ए-फित्र. घरातल्या प्रत्येक माणसामागे, दूध पिणाऱ्या मुलामागेसुद्धा, पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत. आणि ते केव्हा द्यायचे? ईदच्या नमाजच्या आधी. नमाज झाल्यावर दिले तर तो साधा सदका होतो, फित्र्याची फजीलत हुकते. ईदच्या दिवशी रोजा ठेवणे हराम. ईदगाहला निघण्याआधी खजूर खाऊन निघणे सुन्नत. म्हणजे वर्षातली ही एक सकाळ अशी बांधून दिली आहे की कोणी मुसलमान अनशापोटी राहूच नये, आणि धनवंताच्या सजद्याआधी गरिबाच्या घरातले पीठ भिजलेले असावे. क्रम पाहा. आधी त्याचा नाश्ता, मग आपली नमाज.

हा क्रम ज्याने ठरवला त्याला उरलेल्या साडेतीनशे सकाळी ठाऊक नव्हत्या, असे कोण म्हणेल?

आमच्या ओळखीच्या एका मस्जिदीच्या कमिटीपुढे हा विषय निघाला होता. इफ्तारीच्या नावाने जमलेले पैसे उरले होते. ते मकतबाच्या मुलांच्या नाश्त्यावर खर्चावेत का? वाद झाला. देणाऱ्याने इफ्तारीसाठी दिले, ते दुसरीकडे वळवता येत नाहीत, असे एका वडीलधाऱ्या हाजीसाहेबांचे म्हणणे पडले, आणि ते चुकीचे नव्हते. देणाऱ्याच्या नियतीला किंमत आहे. मग ठरले की वेगळी पेटी ठेवायची. पेटीवर काय लिहायचे यावर पुन्हा वाद. कोणी ‘इमदाद’ सुचवले, कोणी ‘सदका’. शेवटी एका शिक्षकाने खडूने लिहिले, ‘बच्चों का नाश्ता’, आणि ते तसेच राहिले. यतीम कोण, गरीब कोण, हे न विचारता मकतबात येणाऱ्या सगळ्यांना एकच वाटी द्यायची असे पक्के झाले. डॉक्टरचा मुलगाही तीच वाटी खाईल आणि हमालाचाही.

वाटीत काय, यावर मात्र फारसे बोलावे लागले नाही. भिजवलेले चणे, गुळाचा खडा, जमेल त्या दिवशी उकडलेले अंडे, न खाणाऱ्याला केळे. चणे रात्री ईशानंतर भिजत घालावे लागतात. ते कोण घालणार, याच्या पाळ्या लावायचे काम चालू आहे, आणि पाळीच्या यादीत अजून तरी एकाही बाईचे नाव घातलेले नाही.